हृदयविकार आणि रक्तातली दाहाची खूण

रोहिणी चरबीने हळूहळू चोंदत जाते आणि एक दिवस पूर्ण बंद होते, एवढ्यावरून हृदयविकाराच्या झटक्याचा उलगडा होत नाही. रोहिणीच्या अस्तरात शिरलेल्या कोलेस्टेरॉलवर पांढऱ्या पेशी धावून येतात आणि तिथे मंद दाह सुरू होतो. चरबीच्या थरावरचे आवरण त्यामुळे कमकुवत होते. ते फाटले की रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह अडतो.

हा दाह रुग्णाला जाणवत नाही, पण रक्तात त्याची खूण उमटते. इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाचा संदेश मिळताच यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, तयार करते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. हृदयासाठी त्याची अतिसंवेदनशील चाचणी, एचएस-सीआरपी, करतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ च्या वर असल्यास जास्त मानतात. आकडा १० च्या पुढे गेला, तर ताप, जंतुसंसर्ग किंवा इजा यांचा संशय घेऊन, ते बरे झाल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते.

दाह हा झटक्याचा केवळ सोबती की कारण, याचे उत्तर २०१७ च्या ‘कॅन्टोस’ या औषध-चाचणीने दिले. पूर्वी झटका आलेल्या आणि सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांवर ती झाली. कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी औषधाच्या १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने कोलेस्टेरॉल न उतरताही झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि हे औषध हृदयरोगाच्या नेहमीच्या उपचारांत आले नाही. गाउटवरच्या जुन्या, स्वस्त कोल्चिसिन या दुसऱ्या दाहविरोधी औषधाचा लाभ २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत दिसला; २०२४ च्या चाचणीत झटक्यानंतर लगेच देऊनही तो दिसला नाही.

सीआरपी स्वतः रोहिणी बिघडवत नाही, असे आनुवंशिक अभ्यास सांगतात. म्हणून उपचार आकड्यावर नव्हे, दाहाच्या मुळावर हवा. धूम्रपान, पोटावरची चरबी, मधुमेह आणि हिरड्यांचे आजार यांनी सीआरपी वाढते. वजन उतरल्याने आणि स्टॅटिनने ते घटते. एचएस-सीआरपी चाचणीचा अर्थ कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि साखर यांच्या जोडीनेच, डॉक्टरांकडून लावून घ्यावा.