गोलरक्षकाला बाहेर केव्हा बोलवावे?

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



संख्याशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाला बोलावले म्हणजे तो आकडे सांगणार, ही आपली भीती रास्त आहे. मी आकडे सांगणारच आहे. परंतु ते हॉकीचे आहेत. ग्वाल्हेरच्या माणसाला हॉकीचे वावडे असूच शकत नाही. ज्या मैदानावर 2010 साली सचिनने एकदिवसीय सामन्यात द्विशतक झळकावले, ते मुळात हॉकीचे मैदान. त्याला नाव आहे कॅप्टन रूपसिंह यांचे. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू ग्वाल्हेर संस्थानच्या सेवेत होते आणि 1932 व 1936 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्या नावावर आहेत.

माझा आजचा प्रश्न मात्र आपल्या मातीवरच्या हॉकीतून उगवलेला नाही. तो कॅनडा-अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीचा आहे. तेथे प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात : पाच खेळणारे आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलता येतात, आणि नियम असा की गोलरक्षकाच्या जागीही आक्रमक उतरवता येतो. मग पाचाविरुद्ध सहा अशी चढाई करता येते. मात्र आपला गोल उघडा पडतो.

हा प्रयोग प्रथम केल्याचे श्रेय सहसा बोस्टन ब्रुइन्सचे प्रशिक्षक आर्ट रॉस यांना देतात. 1931 च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलविरुद्धच्या सामन्यात एका गोलने मागे असताना, शेवटच्या मिनिटात त्यांनी टायनी थॉम्पसन या गोलरक्षकाला बाहेर बोलावले. सामना ते 1-0 असा हरलेच. तरीही युक्ती टिकली, आणि तिच्याबरोबर ‘शेवटचे मिनिट’ हा संकेतही टिकला. पुढे कित्येक दशके प्रशिक्षक मिनिट-दीड मिनिट उरले की गोलरक्षकाला हाक मारत. एकच मिनिट का, हे फारसे कोणी विचारत नव्हते. 1976 मध्ये डोनाल्ड मॉरिसन या अभ्यासकाने तो प्रश्न संभाव्यतेच्या गणिताने सोडवायला घेतला. 2018 मध्ये क्लिफर्ड ॲस्नेस आणि ॲरन ब्राउन या वित्तक्षेत्रातल्या दोघांनी तो पुन्हा हाती घेतला. त्यांचे उत्तर ऐकून क्रीडारसिक चकित झाले : एका गोलने मागे असाल तर सहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ उरला असतानाच गोलरक्षकाला बाहेर काढा, दोन गोलांनी मागे असाल तर दहा मिनिटांहूनही आधी.

हे वेड्यासारखे वाटते, म्हणून जरा हिशेब मांडू. त्यांच्या अंदाजानुसार दोन्ही गोलरक्षक जागेवर असताना कोणत्याही दहा सेकंदांत एका संघाने गोल करण्याची शक्यता 0.65 टक्के असते. आपण गोलरक्षक काढला की आपली शक्यता 1.97 टक्के होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. प्रतिपक्षाची मात्र 4.30 टक्क्यांवर जाते. आपण तिप्पट झालो, तर ते साडेसहा पट! हा सौदा तोट्याचाच, असे कोणताही व्यवहारी माणूस म्हणेल.

पण थांबा. हरणाऱ्या संघाला 1-0 आणि 4-0 यांत गुणतक्त्यावर काय फरक पडतो? काहीच नाही. दोन्हीकडे शून्य गुण. बरोबरी साधली तर मात्र निदान एक गुण पदरात पडतो. म्हणजे आपल्याला लागलेला दुसरा गोल जवळजवळ फुकटचा आणि आपण केलेला गोल लाखमोलाचा. अशा वेळी कोण किती गोल करतो हे पाहायचे नसते. वेळ संपण्याआधी पहिला गोल आपला होतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

मी घरी कागदावर सोपा हिशेब केला. सहा मिनिटे उरली आहेत आणि आपण एका गोलने मागे आहोत. गोलरक्षक शेवटपर्यंत ठेवला तर पुढचा गोल आपला होऊन बरोबरी होण्याची शक्यता शंभरात सुमारे एकोणीस येते. रूढीप्रमाणे शेवटच्या मिनिटाला काढला तर सुमारे तेवीस. आताच काढला तर सुमारे अठ्ठावीस. सत्तरांहून अधिक वेळा आपण तरीही हरणार, हे लक्षात ठेवा. पण शंभर सामन्यांत पाच सामने जास्तीचे वाचणार. व्यावसायिक संघ एवढ्या फरकासाठी कोट्यवधी डॉलर मोजून खेळाडू विकत घेतात. येथे तो फुकट मिळतो आहे आणि कोणी उचलत नाही.

का उचलत नाही? माझ्या मते, गोलरक्षक जागेवर ठेवून हरलेल्या प्रशिक्षकाला कोणी जाब विचारत नाही. ‘मुले लढली, नशीब नव्हते’ असे म्हणून सगळे घरी जातात. पण रिकाम्या गोलात पक सरकत जाताना वीस हजार प्रेक्षक पाहतात आणि त्या गोलावर प्रशिक्षकाचे नाव लिहिले जाते. न केलेल्या गोष्टीमुळे झालेले नुकसान दिसत नाही. केलेल्या गोष्टीमुळे झालेले दिसते. हा संकोच मोडणाऱ्यांत एक ठळक नाव पॅट्रिक रॉय यांचे, आणि गंमत म्हणजे ते स्वतः आपल्या काळातले श्रेष्ठ गोलरक्षक. 2014 च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोचे प्रशिक्षक असताना मिनेसोटाविरुद्ध त्यांनी सुमारे तीन मिनिटे उरली असता गोल उघडा टाकला. अवघी तेरा सेकंद उरली असताना बरोबरी झाली आणि जादा वेळेत त्यांचा संघ 5-4 असा जिंकला. कदाचित गोलरक्षकाच्या मर्यादा गोलरक्षकालाच नीट ठाऊक असाव्यात! आज अनेक प्रशिक्षक दोन-तीन मिनिटे आधी हे धाडस करतात. सहा मिनिटांचे मात्र अजून सहसा कोणी करत नाही.

आपल्या हॉकीतही ही मुभा आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात, 6 ऑगस्ट 2024 रोजी, भारत जर्मनीविरुद्ध 2-3 असा मागे होता, तेव्हा अखेरच्या मिनिटांत श्रीजेशला बाहेर घेतले गेले. हाच श्रीजेश तीन वर्षांपूर्वी टोकियोत, त्याच जर्मनीविरुद्ध, शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर अडवून आपल्याला 41 वर्षांनी पदक देऊन गेला होता. पॅरिसमध्ये तो बाकावर बसून पाहत होता. बरोबरी झाली नाही. तरीही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

अर्थात बर्फावरचे आकडे गवतावर तसेच लावता येत नाहीत. तेथे पाचांचे सहा होतात, येथे दहांचे अकरा. म्हणजे आक्रमणाला मिळणारे बळ तुलनेने कमी. मैदानही कितीतरी मोठे. म्हणून सहा मिनिटे हा आकडा आपल्याकडे खरा ठरेलच असे नाही. हे वाक्य मी आज इतक्या सावधपणे उच्चारतो आहे, त्याला कारण आहे.

निवृत्तीच्या काही वर्षे आधी महाविद्यालयाच्या हॉकी संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात आम्ही 0-1 असे मागे होतो. सहा मिनिटे उरली होती. मी तो शोधनिबंध नुकताच वाचला होता. प्रशिक्षक कचरत होते. मी म्हणालो, ‘जबाबदारी माझी.’ गोलरक्षकाला बाहेर बोलावले. दोन मिनिटांत आम्हाला दुसरा गोल लागला, अर्ध्या मैदानावरून, रिकाम्या गोलात. त्यानंतर आठवडाभर शिक्षककक्षात मला ‘प्राध्यापक सहा मिनिटे’ हे नाव पडले होते. त्याचे मला दुःख नाही. बर्फाचा आकडा मी तपासल्याशिवाय मातीवर लावला, ही माझी चूक होती. आणखी थोडे थांबायला हवे होते, तीन मिनिटे की चार, ते आजही मला ठामपणे सांगता येणार नाही. पण गोलरक्षकाला बाहेर बोलावणे ही चूक नव्हती, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

माझी खरी चूक वेगळीच होती. तो गोलरक्षक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. पॅड न सोडताच तो बाकाच्या टोकाला बसून राहिला. बक्षीस समारंभ आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन त्याने विचारले, ‘सर, माझ्यावर भरवसा नव्हता का?’ मी अख्खा हिशेब प्रशिक्षकांना समजावला होता, त्या मुलाला एका शब्दानेही नाही. तेव्हा, त्या रिकाम्या मैदानाच्या कडेला, हाजरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी त्याला एकोणीस, तेवीस आणि अठ्ठावीस हे तीन आकडे काढून दाखवले. त्याने कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, ‘हे सामन्याआधी दाखवलं असतं, तर मीच पळत बाहेर आलो असतो.’