पिझ्झा आपल्या भाकरीचाच
(वडपे येथील महिला गटांच्या बैठकीत एका सदस्येने केलेले भाषण)



माझ्या जावेची मुलगी आठ वर्षांची. वजन वाढेना, पोट सारखं बिघडायचं, रक्त कमी. तपासणीत सिलिअॅक आजार निघाला. गहू आणि जव यांत ग्लुटेन असतं. या आजारात त्याने लहान आतड्याला इजा होते. उपाय एकच, ती धान्यं जन्मभर बंद. एक लक्षात ठेवा, शंका आली तरी तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रक्तात दिसत नाही.

पोरीला पिझ्झा हवा होता. विकतचा बेस मैद्याचा. मग म्हटलं, आपली तांदळाची भाकरी आहे की! मैद्याला ग्लुटेनमुळे चिकटपणा येतो. तांदळात, नाचणीत ते नाही, म्हणून तर आपण उकड काढतो. इथंही तेच करायचं.

दीड वाटी पाणी, मीठ आणि चमचाभर तेल उकळा. एक वाटी तांदळाचं आणि अर्धी वाटी नाचणीचं पीठ घाला, ढवळून पाच मिनिटं झाका. कोमट असतानाच दोन चमचे इसबगोल घालून पाण्याच्या हाताने चांगलं मळा. भाकरीपेक्षा जाड थापा. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्या. मग वर टोमॅटोची चटणी, कांदा, सिमला मिरची, चीज घालून मंद आचेवर झाकण ठेवा. चीज वितळलं की झालं.

पण पहिल्या वेळी पोरीचं पोट दुखलं. चूक माझीच. गिरणीत गव्हाच्या मागोमाग पीठ दळून आणलं होतं. आता तांदूळ, नाचणी धुऊन, वाळवून घरीच मिक्सरला दळते. चाळण, परात, तवा वेगळे. हिंगातसुद्धा बहुतेक वेळा मैदा असतो, तोही बंद.

आता गटाला ऑर्डर मिळेल. तेव्हा पाकिटावर ‘तांदूळ-नाचणी बेस’ एवढंच लिहा. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा नियम आहे. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते कळणार नाही. त्या दोन शब्दांवर विसंबून कुणी आई लेकराला घास भरवणार आहे, बायांनो.