गाडी थांबविणारी तबकडी

मोटार विकत घेतांना तिचें इंजिन किती शक्तीचें आहे, याची चौकशी बहुतेक गृहस्थ करितात. ती थांबते कशी, हें फारच थोडे विचारतात. वस्तुतः धांवत्या गाडीच्या अंगची ऊर्जा थांबतांना नाहींशी होत नाहीं. ब्रेक तिचें उष्णतेंत रूपांतर करितो. माणसांसह दोन हजार किलोग्रॅम वजनाची एसयूव्ही ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या ठायीं सुमारें ४ लक्ष ज्यूल ऊर्जा असते. तेवढ्या उष्णतेनें माठांतलें सव्वा लिटर पाणी जवळजवळ उकळीस येईल. वेग दुप्पट झाला कीं ही ऊर्जा चौपट होते. शिवाय थांबतांना गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून पुढच्या चाकांच्या ब्रेकांनाच अधिक सोसावें लागतें. खंडाळ्याचा घाट उतरतांना खालचा गिअर ठेवावा असें जाणते चालक सांगतात, तें याचसाठीं.

चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरण्याच्या योजनेचें पेटंट इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालीं घेतलें. पुढें १९५३ सालीं फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकांच्या जग्वार गाडीनें जिंकली, तेव्हां तिचें महत्त्व जगाला पटलें. झांकलेल्या ड्रमपेक्षां उघडी तबकडी लवकर निवते, हेंच तिच्या यशाचें मर्म होय.

चिमटीचे जे दोन ओंठ, तेच ब्रेक पॅड. त्यांवरील घर्षणद्रव्याचा थर झिजून सुमारें तीन मिलिमीटरांवर आला कीं ते बदलावे. कित्येक पॅडांना पत्र्याची लहानशी जीभ असते; थर संपत आला कीं ती तबकडीला घांसून किंचाळूं लागते. तबकडीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तीहून ती पातळ झाली असल्यास नवी घालावी. दोन्ही बाजूंचें काम एकदमच करावें, नाहीं तर ब्रेक लागतांच गाडी एका अंगास ओढते.

हें काम घरीं होण्यासारखें आहे. मात्र त्याचा क्रम मोडतां कामा नये. सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावे. मग जॅकनें गाडी उचलून ती मजबूत लोखंडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर काम करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. चाक काढल्यावर कॅलिपर सोडवून तारेनें वर बांधावा. त्याच्या रबरी नळीवर त्याचा भार पडूं देऊं नये. आंतली काळी धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी; जुन्या काळच्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि इतर धूळहि श्वासावाटें जाणें बरें नव्हे.

जुनी तबकडी निघाल्यावर तिच्यामागील बैठकीचा गंज घांसून काढावा. तेथें गंजाचा बारीकसा पापुद्रा राहिला तरी तबकडी वांकडी फिरते आणि पेडल पायाखालीं थरथरतें. नव्या तबकडीवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनें पूर्ण पुसावें. सरकत्या पिनांना ब्रेकचें ग्रीस लावावें, पण घर्षणाच्या पृष्ठभागास त्याचा थेंबहि लागूं देऊं नये. सर्व बोल्ट टॉर्क पान्यानें, त्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापानेंच आवळावे.

नवे जाड पॅड बसावे म्हणून पिस्टन शिकंजानें हळूहळू मागें सारावा लागतो. त्या वेळीं टाकींतील ब्रेक ऑइल वर चढतें. तें सांडल्यास रंग खराब होतो. पण खरा धोका पुढेंच असतो. मागें गेलेला पिस्टन आणि पॅड यांच्यांत पोकळी राहते, आणि म्हणून पहिल्यांदा दाबलेलें पेडल थेट तळाला जातें. नवे सुटे भाग, स्वच्छ काम, घट्ट नट असें सर्व कांहीं असूनहि ती गाडी थांबत नाहीं. दारांतून गाडी बाहेर काढली आणि समोर अंगणांत मूल असलें, तर पश्चात्तापास वेळ उरत नाहीं. यासाठीं चाक बसवून गाडी खालीं घेतल्यावर, ती जागची हलविण्यापूर्वीं, पेडल कठीण लागेपर्यंत पुनःपुनः दाबावें आणि टाकींतील ऑइलची पातळी पाहावी.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, प्रथम अगदीं मंद वेगानें, ब्रेकची परीक्षा घ्यावी. नवे पॅड व तबकडी एकमेकांशीं जुळेपर्यंत शक्य तोंवर जोराचा ब्रेक टाळावा. पेडल मऊच राहिलें, नळीला चीर दिसली किंवा कोठें ऑइल झिरपतांना आढळलें, तर गाडी न हलवितां मिस्त्रीस बोलवावें. मागच्या चाकांना विजेचा हँडब्रेक असल्यास तेथील पिस्टन जोरानें दाबूं नये. त्यास निराळें साधन लागतें, आणि तें जवळ नसल्यास तेवढें काम कारखान्याकडे सोंपविणें बरें. मजुरीचे चार पैसे वांचविणें योग्यच आहे. पण पेडलाची ती अखेरची परीक्षा झाल्यावांचून काम पुरें झालें असें घरांतील कोणींहि समजूं नये.