बॉक्सला डोळे नसतात

(अल्लीपूर, जि. वर्धा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीतला कामगार. शिक्षण मॅट्रिक. संगीताचं शास्त्र मला येत नाही. पण जड पेटी हलत नसली की एक जण हाक घालतो, बाकीचे हैय्या म्हणतात नि पेटी सरकते. हाक घालणारा आमचा दम बघून हाक लांबवतो, तोडतो. तीच हाक मोबाइलवर लावा, पेटी जागची हलायची नाही.

२०२४ साली झुरिच विद्यापीठानं हेच तपासलं. २७ माणसं मेंदू बघायच्या यंत्रात झोपवली. त्यांना पियानो ऐकवला, कधी त्याच वेळी वाजवलेला, कधी रेकॉर्ड केलेला. वाजवणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल कळत होती, तसं तो वाजवणं बदलत होता. भावनांशी संबंध असलेला मेंदूतला भाग जिवंत वाजवण्यानं जास्त जागा झाला.

आमच्या शाहिरांना त्यासाठी यंत्र लागलं नाही. समोरचे चेहरे पुरले. भीमराव कर्डकांचा जलसा १९३० नंतरच्या काळात नाशिककडून निघून गावोगाव गेला. साचा तमाशाचा, माल आपला. ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. वामनदादा कर्डकही अक्षर शिकले ते मोठेपणी. पण २००४ साली जाईपर्यंत माणसं त्यांच्या गाण्यांनी हलत राहिली.

का हलली? एकट्याला आलेला राग माणूस गिळतो. शेजारच्याच्या डोळ्यात तोच राग दिसला, की गिळता येत नाही. जिवंत गाणं हे काम करतं. गावानं आमच्या हाती डफडं दिलं ते त्यांच्या वरातीपुढं, मयतीपुढं बडवायला. हात आमचा, काळीज त्यांचं. जलशानं ते उलटं केलं.

पण ही तार दोन्हीकडनं ओढते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. सगळ्या वस्तीचं दुःख गाणाऱ्या माणसाला टाळ्या देऊन भागत नाही, त्याच्याजवळ बसावं लागतं. त्याला एकटा सोडू नका.

आता आपलं बघा. १४ एप्रिलला आपण बॉक्सच्या भिंती उभ्या करतो. छाती हादरते, खरंय. नाचावंसं वाटतं, नाचा. पण बॉक्सला डोळे नसतात. म्हातारीच्या डोळ्यात पाणी आलं म्हणून तो एक ओळ पुन्हा म्हणत नाही. पोरं थकली म्हणून लय सोडत नाही.

म्हणून मागणी एवढीच: वर्गणीतला अर्धा पैसा गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला द्या. तुमच्या भागात डफडं वाजवणारे, भीमगीतं म्हणणारे हुडका, त्यांच्याकडनं शिका. आणि गाणं ऐकून नुसते रडून झोपायला जाऊ नका. गाणं संपलं की तिथंच बसा, उद्या काय करायचं ते ठरवा, मग उठा.