विद्येची नवी वाट आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या हिंगोली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळा व वाचनालये यांना इंटरनेटसाठी मिळणाऱ्या सरकारी साह्याविषयी माहिती सांगावी, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय रुक्ष आहे. परंतु आपल्या मुलांचे भवितव्य त्यात गुंतलेले असल्याने आपण तो धीराने ऐकून घ्याल, असा मला भरवसा आहे.

१९४८ पूर्वी या भागात मराठी शाळा वा वाचनालय चालविणे हे केवळ हौसेचे काम नव्हते. उर्दू ही राज्यभाषा असताना परभणीचे गणेश वाचनालय १९०१ साली उभे राहिले, ते लोकांच्या पदरच्या पैशावर. आज सरकार आपले आहे, पैसाही आहे. उणीव आहे ती तो वेळेवर मागण्याची.

प्रथम हा पैसा येतो कोठून ते पाहू. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के वाटा २००२ सालापासून सार्वत्रिक सेवा निधीत जमा होत आला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वये त्याचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर झाले. अर्थात, आपण फोनचे जे पैसे भरतो त्यातीलच हा अंश होय. या निधीतून ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपास १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तीत ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. ‘मागणीनुसार’ हा शब्द कृपया ध्यानी ठेवावा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांना याच योजनेतून जोडणी देण्याचे घोषित झाले.

परंतु तंतू गावात आला म्हणजे वर्गात आला असे नव्हे. वर्गासाठी दुसरी थैली आहे, ती समग्र शिक्षा योजनेची. २०२१ ते २०२६ या कालखंडाच्या आराखड्यात सहावी ते बारावीच्या शासकीय व अनुदानित शाळांसाठी संगणक प्रयोगशाळेस एकवेळ ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत साह्य ठरविले होते. आकडे टप्प्यागणिक बदलतात, म्हणून ते दर वर्षी नव्याने विचारून घ्यावेत. मात्र रीत तीच राहते: शाळेने यूडायस प्लस या नोंदणीत आपली खरी स्थिती भरावी, त्यावरून जिल्ह्याचा वार्षिक आराखडा व्हावा, आणि राज्यामार्फत तो केंद्राकडे जावा. ज्या मुख्याध्यापकाने या नोंदणीत वीज, संगणक, इंटरनेट यांचे रकाने घाईने भरले, त्याने आपल्याच हाताने शाळेचा हक्क बुडविला असे समजावे.

एका शाळेतील गोष्ट सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे संगणक आले, खोली रंगविली, नारळ फुटला. पहिले वर्ष संपले, आणि इंटरनेटचे मासिक बिल कोणी भरावयाचे हा प्रश्न निघाला. उत्तर मिळेना, म्हणून खोलीस कुलूप लागले. पुढे २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा त्याच गावची मुले मोबाइलला रेंज मिळावी म्हणून बंधाऱ्यावर जाऊन बसत. संगणकावर धूळ होती आणि किल्ली कपाटात होती. वस्तू मिळविणे सोपे. तिचा वार्षिक खर्च आधी ठरविणे हे खरे शहाणपण.

आपले काही ज्ञातिबांधव अमेरिकेत आहेत. तेथे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने ‘ई-रेट’ नावाची योजना सुरू झाली. शाळा व ग्रंथालये यांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. जितकी गरिबी अधिक आणि वस्ती दुर्गम, तितकी सवलत मोठी. तेथेही मुदत चुकविणाऱ्यास बहुधा काही मिळत नाही. म्हणून अर्ज कसा भरावा याचे प्रशिक्षण दर वर्षी दिले जाते. पैशाइतकेच महत्त्व अर्ज भरणाऱ्या माणसाला आहे, हा त्यातील बोध आपण घेतला पाहिजे.

आता वाचनालयाकडे वळतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. १९७२ साली कोलकात्यास स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तके, इमारत, संगणक इत्यादींसाठी साह्य देते. दोन्हींची वाट जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातूनच जाते. त्यासाठी हिशेबतपासणी, वार्षिक अहवाल आणि नियमित उघडे असणारे दार या तीन गोष्टी लागतात.

त्या दाराविषयीच मला आज मनातले सांगावयाचे आहे. आपल्या संस्थेचे वाचनालय आजवर आपल्याच कुटुंबांपुरते राहिले. सार्वजनिक अनुदान हवे, तर वाचनालय खरोखर सार्वजनिक हवे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २९ नेही राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ जातीच्या कारणाने प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. काही वडीलधारे म्हणतील, “वर्गणी आमची आणि लाभ साऱ्या गावाचा, हा कोठला न्याय?” मी नम्रपणे विचारतो, फोनच्या बिलातून त्या निधीत भर घालणारा मजूर कोणत्या ज्ञातीचा आहे, हे कोणी पाहिले होते काय? नरसी हे ज्यांचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाते, त्या संत नामदेवांची वाणी तारेवाचून पंजाबात पोहोचली आणि शिखांच्या धर्मग्रंथात विराजमान झाली. ती एका ज्ञातीपुरती राहिली असती, तर आपण आज तिचा अभिमान कसा धरला असता?

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. वाचनालय सर्वांस खुले करण्याचा ठराव याच मेळाव्यात व्हावा. इंटरनेटच्या मासिक बिलासाठी संस्थेने स्वतंत्र निधी बाजूस ठेवावा. आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांतून एकेक तरुण व एकेक तरुणी निवडून त्यांना अर्ज, नोंदणी व हिशेब यांचे शिक्षण द्यावे. दर वर्षी योजनांत झालेले बदल त्यांनी याच स्मरणिकेत छापावेत.

औंढा नागनाथजवळ विश्वातील गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ताऱ्यांची चाहूल आपल्या जिल्ह्यात ऐकू येईल, आणि शेजारच्या गावातील मुलीस त्याविषयी एक ओळ वाचण्याची सोय नसेल, तर दोष ताऱ्यांचा नव्हे, आपला होय. तो आपण आपल्या माथी येऊ देणार नाही अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.