तेलाचे गुण आणि तेलाची मर्यादा
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपला धाराशिव जिल्हा करडईच्या मुलखातला. रब्बीत ज्वारीच्या कडेने काटेरी करडई पेरावी, म्हणजे जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाचीही सोय होते, ही वाडवडिलांची रीत. युनानी हकीम हिलाच ‘कुर्तुम’ म्हणतात. परंतु अंगाला लावावयाचे तेल म्हटले की आज आपली नजर दुकानातील चकचकीत बाटलीकडे जाते. म्हणून तेल काय करते आणि काय करीत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

त्वचेचा वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. चुना झिजला की ओलावा उडून जातो. थंडीत टाचा फुटतात, गाल उलतात. या चुन्याच्या घडणीस लिनोलेइक आम्ल लागते. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात ते सुमारे 75 टक्के असते. सूर्यफुलाच्या तेलातही ते भरपूर असते. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा त्यांच्यातील जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला.

जैतुनाविषयी आपल्या मनात आदर आहे. कुरआन शरीफात त्याचा उल्लेख आहे आणि आहारात ते तेल उत्तमच. तथापि इंग्लंडमधील एका प्रयोगात, चार आठवडे ते लावल्यावर प्रौढांच्या त्वचेचा हा थर दुबळा झाल्याचे 2013 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा बाळासाठी ऐपतीबाहेरची बाटली आणण्याची गरज नाही. बाळाच्या नाकाकानात मात्र कोणतेही तेल घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरते.

केसांचा हिशेब निराळा. मुंबईच्या संशोधकांनी 2003 साली तीन तेले तपासली. खनिज तेल व सूर्यफूल तेल यांचा उपयोग झाला नाही. खोबरेल तेवढे केसाच्या आत शिरून त्यातील प्रथिनांची झीज कमी करते, असे दिसले. म्हणून न्हाण्यापूर्वी खोबरेल लावावे. परंतु केसाचे मूळ त्वचेखाली असते. टकलावर केस उगवण्याची आशा तेलाकडून धरू नये. कोंडा असेल तर तेल चोपडू नये, कारण कोंड्याची बुरशी स्निग्धांशावरच पोसते. मुरुमांवरही तेल नको.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणतेही तेल रंग उजळवीत नाही. आणि जी मलमे झटपट उजळवतात, त्यांच्यात पारा असू शकतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथे डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतील 15 जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्यांपैकी 13 जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. माता-भगिनींनो, मुलीचे स्थळ रंगावरून ठरते या धास्तीने आपण तिच्या हाती ही डबी देतो. लग्नाच्या बाजारासाठी तिचे मूत्रपिंड पणाला लावावयाचे काय? रंग अल्लाहची देणगी आहे. त्याची लाज आपणच मुलींना शिकवली, ती आपणच काढून टाकली पाहिजे.

विद्यार्थिनींनो, डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसेल तर ती डबी घरात आणू देऊ नका. घाण्यावरचे ताजे तेल थोडेच आणा. करडईचे तेल उजेडाने लवकर खवट होते, म्हणून ते झाकून अंधारात ठेवा. स्नानानंतर ओलसर अंगाला चार थेंब पुरेत. पुरळ उठले तर ते बंद करून डॉक्टरांना दाखवा.

तेलाचे काम ओलावा राखण्याचे. तेवढे ते इमानाने करते. मुलीची किंमत वाढविण्याचे काम डबीचे नव्हे, शिक्षणाचे आहे. त्या डब्यांचे पैसे वाचवून तिच्या हाती पुस्तक द्या, एवढीच विनंती.

खुदा हाफिज. जय हिंद!