फोटोतलं काळं कुंकू



घरात आजीचा किंवा पणजीचा एखादा जुना फोटो असेल, तर तो भिंतीवरून उतरवा आणि कपाळाकडे नीट बघा. कुंकू काळं दिसेल. मेणावर लावलेलं ते लालभडक कुंकू फोटोत काळं उतरलं, कारण त्या काळच्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे. निळा-जांभळा उजेड तिला लगेच कळायचा. 1873 साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटच्या लेपात रंगद्रव्य मिसळून पाहिलं आणि त्यानंतर हळूहळू तिला हिरवाही कळू लागला. लाल मात्र पुढेही बराच काळ तिच्या लेखी अंधारच होता. त्यामुळे आभाळ पांढरंफटक यायचं, निळं लुगडं फिकं पडायचं आणि कुंकू काळं व्हायचं. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये लाल दिवा लावून निवांत प्लेट धुवायचे, तेही याच कारणाने.

अशा प्लेटांसाठी बनवलेला एक जुना कॅमेरा मी आजही वापरतो. सागवानी चौकट, पितळी कोपरे, मधे काळा भाता. माप हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. त्या मापाच्या प्लेटा आता बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून मागची चौकट सुताराकडून बदलून घेतली आणि तिथे चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा होल्डर बसवला. ही सुटी फिल्म अजून निघते. इंग्लंडमध्ये इल्फर्ड करतं, चेक प्रजासत्ताकात फोमा करतं. महाग पडते, पण मिळते. असा जुना कॅमेरा हाती आला, तर आधी त्याचा भाता तपासावा. अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावायची आणि बाहेरून घड्या न्याहाळायच्या. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथे काळ्या कापडाचं ठिगळ चिकटवायचं. बहुधा भोकं घड्यांच्या कोपऱ्यांवरच सापडतात.

यंत्र म्हणाल तर यात जवळजवळ काहीच नाही. पुढे लेन्स, मागे घासलेली काच, मधे अंधार. तिकाटण्यावर कॅमेरा लावायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि काचेवरचं चित्र बघायचं. ते उलटं असतं, माणसांची डोकी खाली आणि डावं उजवीकडे. सवयीने डोळा ते उलटंच वाचायला शिकतो. भिंग लावून फोकस तपासायचा, लेन्सचं तोंड एफ 22 किंवा एफ 32 पर्यंत बारीक करायचं, काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्यावरची डार्क स्लाइड ओढून काढायची. माझ्या लेन्सला शटर नाही. टोपी काढायची, मनात सेकंद मोजायचे, टोपी परत लावायची. जुन्या ग्रुप फोटोत सगळी मंडळी श्वास रोखल्यासारखी का बसलेली असतात, ते हे केल्यावर कळतं. त्यांना खरोखरच हलायची मुभा नव्हती.

या कॅमेऱ्याची खरी करामत बघायची असेल, तर सिन्नरच्या गोंदेश्वराला चला. यादवकाळातलं हे मंदिर काळ्या पाषाणाचं, पंचायतन पद्धतीचं. मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, समोर नंदीमंडप. फोनने फोटो काढायचा तर शिखर मावावं म्हणून फोन वर तिरका करावा लागतो, आणि तसं केलं की शिखर मागे कलल्यासारखं दिसतं. इथे कॅमेरा जमिनीशी समतल ठेवायचा आणि फक्त लेन्सची पाटी वर सरकवायची. घासलेल्या काचेवर शिखर सावकाश चौकटीत येतं आणि त्याची प्रत्येक उभी रेघ उभीच राहते. लेन्स आणि फिल्म यांचा कोन बदलला, तर पायाजवळच्या दगडापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं एकदम फोकसमध्ये घेता येतं. थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या नावाने हे तत्त्व ओळखलं जातं. काळ्या दगडावर दुपारचं ऊन असेल, तर मी कोनाड्यातल्या सावलीला बघून एक्स्पोजर ठरवतो. निगेटिव्हमध्ये सावलीत काही नोंदलंच गेलं नाही, तर पुढे कुठल्याही उपायाने ते आणता येत नाही. उजळ भाग डेव्हलपरमधला वेळ कमी करून आवरता येतो.

आता निगेटिव्हकडे येऊ, कारण मला आज मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचंय. आपल्या सवयीच्या पस्तीस मिलिमीटर रोलमधल्या एका फ्रेमच्या मानाने चार बाय पाच इंचांच्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट असतं. जुनी हाफ-प्लेट त्याहून मोठी. यातला तपशील फोटोग्राफरने स्वतः कधी पूर्ण पाहिलेला नसतो. निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाचा प्रिंट काढायचा, गिऱ्हाइकाला द्यायचा आणि प्लेट पेटीत ठेवून द्यायची, असा सगळीकडचा रिवाज होता. म्हणजे आपल्या भिंतींवर टांगलेल्या फोटोंपेक्षा किती तरी जास्त माहिती त्या पेट्यांत शिल्लक आहे.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी आणि स्वतः उत्तम फोटोग्राफर. सिकंदराबाद आणि मुंबईत स्टुडिओ चालवणाऱ्या लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, म्हणून आज त्यांच्यावर अभ्यास होऊ शकतो. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्यांच्या प्लेटांना असं घर मिळालेलं नाही. त्या माळ्यावर आहेत, गोदामात आहेत. फिल्मच्या निगेटिव्ह चांदीसाठी विकल्या गेल्या. प्लेटांवरचा लेप खरवडून काच फोटोच्या फ्रेमला वापरली गेली.

हे थांबवायचं, तर स्कॅनिंग हवंच. पण ते करताना निगेटिव्हला मूळ कागदपत्राचा मान द्यायला हवा. चांगल्यातल्या चांगल्या घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर 6400 डीपीआय असा आकडा असला, तरी खरा तपशील 2400 च्या आसपास संपतो. तेवढा पुरतो. चार बाय पाचची निगेटिव्ह 2400 ला स्कॅन केली, तर साडेअकरा कोटी पिक्सेल होतात आणि सोळा बिटांची करडी फाइल सुमारे 230 एमबीची. शाळेच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मुलाचा चेहरा निगेटिव्हवर अर्ध्या सेंटिमीटरचा असेल, तर तो पडद्यावर पावणेपाचशे पिक्सेल उंच दिसतो. नातवाला त्यात आजोबा ओळखता येतात.

स्कॅनरमधली आपोआप धूळ काढणारी सोय मात्र बंद ठेवा. ती अवरक्त किरणांवर चालते. ते किरण रंगीत फिल्ममधून आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात. कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्र चांदीचं असतं, तिथेही ते अडतात, आणि यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं. धूळ हवेच्या पंपाने उडवावी, मऊ ब्रशने झटकावी. ओलं फडकं प्लेटच्या लेपाच्या बाजूला कधीही लावू नये. तो लेप बहुधा जिलेटिनचा असतो, पाण्याने फुगतो आणि सुटतो.

काचेच्या प्लेटांसाठी मला स्कॅनरपेक्षा दुसरी रीत पसंत आहे. एलईडीच्या प्रकाशपाटीवर प्लेट ठेवायची, लेपाची बाजू वर, आणि वरून डिजिटल कॅमेऱ्याने मॅक्रो लेन्स लावून तिचे तुकड्या-तुकड्यांनी फोटो घ्यायचे. तुकडे एकमेकांवर थोडे चढते ठेवले की संगणक ते नीट जोडतो. कॅमेरा प्लेटला समांतर आहे का, हे बघायला पाटीवर छोटा आरसा ठेवतात. लेन्सला आपलंच प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं, की समांतर झालं. प्लेटच्या भोवतीचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, नाही तर सावल्या फिकट होतात. एकोणिसाव्या शतकातल्या काही प्लेटा तेव्हाच्या छपाईच्या कागदासाठी मुद्दाम फार गडद केलेल्या असतात. साध्या स्कॅनरला त्यातून पलीकडचं दिसत नाही. कॅमेऱ्याने कमी-जास्त एक्स्पोजर देऊन त्यांतलंही चित्र बाहेर काढता येतं.

एकदा पोर्ट्रेटची जुनी प्लेट तिरक्या उजेडात धरून बघा. गालावर, डोळ्यांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा चमकतात. देवीचे व्रण, सुरकुत्या यांची सावली निगेटिव्हवर पारदर्शक येते. रिटच करणारा तिथे टोकदार पेन्सिलीने शिसं भरायचा, म्हणजे प्रिंटमध्ये ती जागा उजळायची. प्रिंटमध्ये दिसतो फक्त गुळगुळीत गाल. प्लेटवर खरा चेहरा आहे आणि त्याच्यावर एका कसबी माणसाचा हातही आहे. संगणकावर या रेघा पुसून टाकायचा मोह होतो. तो आवरावा, निदान मूळ फाइलमध्ये तरी. जसं आहे तसं स्कॅन करून ती फाइल टिफ स्वरूपात बाजूला ठेवावी, आणि सजवायची असेल ती प्रत वेगळी करावी.

स्कॅन झालं म्हणून प्लेट टाकून द्यायची नाही, हे मी आग्रहाने सांगतो. पन्नास वर्षांनी आजच्या फाइली कोण उघडणार? काच मात्र उजेडात धरली की वाचता येते. प्लेटा कागदी पाकिटात घालून, ताटाळ्यात ताटं ठेवतात तशा लांब बाजूवर उभ्या ठेवाव्यात. फुटलेली प्लेट आडवी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, कोकणातल्या दमट हवेत तर मुळीच नकोत, बुरशी धरते. जुन्या फिल्मला आंबट वास यायला लागला असेल, तर ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण एकीची आंब दुसरीला लागते. आणि 1950 च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती अतिशय ज्वालाग्राही. 2003 साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या मौल्यवान प्रती गेल्या. अशी फिल्म घरी स्कॅनरच्या दिव्याखाली ठेवू नका, जाणत्या संग्रहालयाला कळवा.

आपल्या गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल, तर भंगारवाल्याच्या आधी तिथे पोहोचा. मालकांची परवानगी घ्या, पेट्या जशा लावलेल्या आहेत तशाच उचला, त्यांच्या नोंदवह्याही मागून घ्या. पाकिटावर नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहा, आणि लिहून झाल्यावरच प्लेट आत घाला. स्कॅनर उद्याही मिळेल, पण हे चेहरे नावानिशी ओळखणारी गावातली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडे याच आठवड्यात जा.